व्होलाटाइल लावूनही एआरएम बोर्डवर दुसऱ्या थ्रेडला जुनाच डेटा का दिसतो?

तुमचा सी प्लस प्लस कोड मला समजला तो असा: एक थ्रेड (प्रोग्राममधली स्वतंत्रपणे चालणारी एक धार) सेन्सरचं रीडिंग बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, भरतो आणि मग 'तयार' हा व्होलाटाइल लावलेला फ्लॅग १ करतो. दुसरा थ्रेड फ्लॅग १ झाला की बफर वाचतो. इंटेलच्या लॅपटॉपवर सगळं नीट, एआरएम बोर्डवर अधूनमधून जुनं रीडिंग. बोर्ड खराब नाही, बदलून आणू नका. मी महापेला अशाच बोर्डांवर काम करते. लॅपटॉपवर लिहायचं आणि एआरएमवर चालवायचं हे आमचं रोजचंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कंपायलर. बफर आणि फ्लॅग यांचं नातं तुमच्या डोक्यात आहे, कोडमध्ये ते कुठेच सांगितलेलं नाही. व्होलाटाइलमुळे फ्लॅगचं वाचणं-लिहिणं गाळलं जात नाही, इतकंच. साधा बफर त्याच्या मागेपुढे सरकवायला कंपायलर मोकळा असतो. (जावातलं व्होलाटाइल वेगळं. २००४ च्या जावा ५ पासून ते क्रमाचीही हमी देतं, आणि तिकडून आलेले लोक इथे हमखास फसतात.)

आता प्रोसेसर. एक्स८६ वर, म्हणजे लॅपटॉपमधल्या इंटेलच्या जातीच्या प्रोसेसरवर, एका कोअरने (प्रोसेसरमधल्या एका गणन-एककाने) मेमरीत केलेल्या साध्या नोंदी इतरांना त्याच क्रमाने दिसतात आणि वाचनंही क्रमाने होतात. सूट एकच: स्वतःची नोंद स्टोअर बफरमध्ये (कोअरची स्वतःची, मेमरीत जायच्या नोंदींची रांग; तुमचा बफर नव्हे) अडकलेली असताना पुढचं, दुसऱ्या पत्त्यावरचं वाचन आधी उरकू शकतं. तुमच्या कोडला या सुटीचा त्रास नाही, म्हणून लॅपटॉपवर तो पास होतो. एआरएम यातली हमी देत नाही. फ्लॅगची नोंद बफरच्या आधी दुसऱ्या कोअरला दिसू शकते. इतकंच नाही, लिहिणाऱ्याने क्रम काटेकोर पाळला तरी वाचणारा कोअर बफर अंदाजाने आधीच वाचून ठेवू शकतो आणि फ्लॅग नंतर बघतो. म्हणून फक्त लिहिणाऱ्या बाजूला बॅरियर (क्रम मोडू न देणारी सूचना) घालून काही होत नाही. हमी दोघांनी मिळूनच पाळायची असते.

उपाय: फ्लॅग अॅटॉमिक (थ्रेडांनी एकाच वेळी वापरायला सुरक्षित असा प्रकार) करा, लिहिताना रिलीज (आधीचं वाचणं-लिहिणं याच्या नंतर सरकत नाही), वाचताना अक्वायर (नंतरचं वाचणं-लिहिणं याच्या आधी सरकत नाही). सी प्लस प्लसमध्ये हे २०११ च्या मानकापासून आहे. ६४ बिट एआरएमवर त्याच्या खास सूचना तयार होतात. एक्स८६ वर साधीच मूव्ह सूचना राहते, फक्त कंपायलरला लगाम बसतो.

मध्ये प्रिंटएफ टाकल्यावर चूक गायब झाली असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. त्याने वेळ बदलते, त्यातल्या लॉकमुळे क्रमही बदलतो, पण कोड चुकीचाच राहतो. त्यापेक्षा लॅपटॉपवर थ्रेडसॅनिटायझर (थ्रेडांमधल्या चुका शोधणारं, कंपायलरसोबत येणारं साधन) लावून चालवा. निकाल बरोबर आला तरी रेस (दोन थ्रेड क्रम न ठरवता एकाच डेटाला हात लावतात आणि त्यातला एक तरी लिहितो, ती चूक) असेल तर तो बहुतेक वेळा पकडतो.

दोन थ्रेड आपापला फ्लॅग लावून मग समोरच्याचा बघतात, अशी रचना असेल तर मात्र रिलीज-अक्वायर पुरत नाही. तिथे अॅटॉमिकचा मूळचा (वेगळं काही न सांगता मिळणारा), सगळ्यात कडक क्रमच ठेवा. आणि वेग मोजून कमी पडलेला नसेल तर सरळ म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) वापरा, माझं मत तेच.

अजून एक. तोच बफर तुम्ही पुन्हा भरता. म्हणजे वाचून झाल्यावर फ्लॅग ० करतानाही रिलीज हवं, आणि लिहिणाऱ्याने तो ० अक्वायरने बघूनच पुढचं रीडिंग भरायचं.