चीनमधल्या जुन्या बाजारपेठेत खरेदी करावी का, की सगळं नकलीच असतं?

तुम्ही लिहिलंय की कंपनीच्या कामासाठी हांगचौला चाललाय, एक दिवस मोकळा आहे, हफांग या जुन्या बाजाराच्या रस्त्यावर फिरायचंय, पण मित्र म्हणतायत की तिथं काही घेऊ नका, सगळा माल नकली. हेच वाक्य मी सख्ख्या भावाच्या तोंडून गेली कित्येक वर्षं ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

मी इचलकरंजीचा. कापडाच्या धंद्यापायी ११ वर्षं खछ्याओत राहतो. शाओशिंग शहरातला हा भाग म्हणजे कापडाचा प्रचंड बाजार, भारतीय व्यापारी इथं पुष्कळ. हांगचौ जवळच, त्यामुळे घरून कुणी आलं की हफांगची फेरी ठरलेली. २०१८ च्या दिवाळीनंतर दादा आला होता. त्याचे घरी माग आहेत, कापड हाताला लागलं की दर सांगणारा माणूस.

रस्त्यात शिरल्या शिरल्या तो एका मिठाईवाल्यापाशी थांबला. साखरेचा चिकट गोळा कडं करून ताणायचा, पिठात घोळवायचा, दुमडून पुन्हा ताणायचा. दर वेढ्याला तारा दुप्पट. शेवटी हातात पांढऱ्या केसांची लड. ड्रॅगनची दाढी म्हणतात तिला. दादा बोटांवर वेढे मोजत होता. चौदाव्या वेढ्याला म्हणाला, "सोळा हजारांवर तारा झाल्या की रं, आणि एक तुटली नाही."

तिथून ५० पावलांवर एका दुकानाबाहेर स्कार्फ टांगलेले होते, "शुद्ध रेशीम" अशी पाटी, २० युआनला एक. म्हणजे तेव्हाचे २०० रुपये. मी म्हटलं, दादा, थांब, हे रेशीम नाही. त्यानं ऐकलं नाही, वहिनीच्या भिशीतल्या बायकांसाठी ६ घेतले. रात्री खोलीवर मी एकाच्या कडेचा धागा ओढून काडी लावली. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. हा धागा वितळला, टोकाला काळा कडक मणी झाला. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत दादाचं एकच, "ह्याच्या चीनमध्ये सगळं नकली."

माझं म्हणणं स्पष्ट आहे. मागावर आयुष्य काढलेल्या माणसानं २०० रुपयांत रेशीम मागितलं, ही चूक रस्त्याची नाही. पाटी खोटी होती, दुकानदार लबाड होता, ते मी नाकारत नाही. पण एका दुकानावरून अख्ख्या गावाला चोर म्हणायचं नसतं. कोल्हापुरात चपला घेताना आपण चामडं वाकवून बघतो, मगच पैसे काढतो. तसं इथंही बघा.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मुद्दाम परत नेलं. त्याच रस्त्याला लागून, ताचिंग गल्लीत, हू छिंग यू थांग हे औषधांचं दुकान आहे, १८७४ सालचं. काळ्याभोर लाकडाचे खांब, भिंतभर औषधांचे खण. आत एक फलक आहे, "जे छी", म्हणजे फसवणूक वर्ज्य. बाकीचे फलक गिऱ्हाइकाकडे तोंड करून आहेत, हा एकटा आतल्या बाजूला, काम करणाऱ्यांना दिसेल असा. दुकान काढणारे हू श्वेयान यांनी त्यावर लिहिलंय की कुठल्याच व्यापारात फसवणूक चालत नाही, आणि औषधाशी तर जीव बांधलेला असतो. दादा म्हणाला, "पाटीच ती. पाटी कालच्याकडंबी होती." यावर मी गप्प बसलो, ते आजही सलतं. पाटी गिऱ्हाइकासाठी लावणं आणि स्वतःच्या माणसांसाठी लावणं यात फरक आहे, हे तेव्हाच बोलायला हवं होतं.

तर खरेदी करा. कात्री घ्या, चांग श्याओछुआनची. १६६३ पासूनचं नाव आहे. परतताना मात्र चेक-इन बॅगेत टाका. रेशमाच्या लेबलावर "सांग त्सान स" (桑蚕丝, म्हणजे तुतीचं रेशीम) आणि १०० टक्के असं लिहिलेलं बघा, दर हलका असेल तर पुढं चला. लाल बीनचं सारण भरलेला तांदळाचा गुलाबी केक गरम गरम खा. लुंगचिंग हा हांगचौचा हिरवा चहा या रस्त्यावर घेऊ नका, तो पिकतो त्या मैचियावू गावात जाऊन घ्या. एप्रिलच्या सुरुवातीच्या छिंगमिंग सणाआधी खुडलेला सगळ्यात महाग, तो इथं बाराही महिने स्वस्तात विकायला असतो, यावरून काय ते समजा. हो, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत, जाणार असाल तर हे सगळं विसरा, पाय ठेवायला जागा नसते.

बहुतेक इमारती नव्यानं बांधलेल्या आहेत, हेही खरं. औषधांचं दुकान मात्र जुनंच आहे.

दादा, तू हे वाचशील, वहिनी दाखवेलच. त्याच फेरीत मी तिच्यासाठी कात्री घेतली होती. ब्लाउजची कापडं ती अजून त्याच कात्रीनं बेतते. एकदा हातात धरून बघ.