पायथनमध्ये रिकाम्या रकान्यामुळे व्हॅल्यूएरर येते, काय करावं?

सीएसव्ही फाइलमधल्या (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) वयाच्या कॉलमवर इंट, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन, चालवलं की काही ओळींवर व्हॅल्यूएरर येऊन प्रोग्राम थांबतो, असं तुम्ही लिहिलंय.

सीएसव्ही रीडर रिकाम्या रकान्यासाठी नन (पायथनमधली ‘मूल्यच नाही’ ही खूण) देत नाही, रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, देतो, आणि तिचा आकडा इंटला करता येत नाही. नन आला असता तर टाइपएरर दिसली असती. म्हणून एररचं नाव आधी नीट वाचा, निम्मं उत्तर त्यातच असतं.

आधी मजकुराच्या कडेच्या स्पेस काढणारं स्ट्रिप चालवा, कारण नुसत्या स्पेस असलेला रकानाही डोळ्यांना रिकामाच दिसतो. मग स्ट्रिंग रिकामी निघाली तर नन ठेवा, नाहीतर इंट करा. तिथे शून्य मात्र कृपया भरू नका. वय माहीत नसणं वेगळं आणि वय शून्य असणं वेगळं. शून्य भरलंत तर सरासरी गुपचूप चुकते आणि कुठलीही एरर येत नाही.

पुढे तपासताना ‘इफ नॉट वय’ लिहिलंत तर खरं शून्यही गळेल, ‘इफ वय इज नन’ लिहा.

ट्राय-एक्सेप्ट, म्हणजे एरर आली तरी प्रोग्राम न थांबवता ती पकडण्याची रचना, वापरणार असाल तर फक्त व्हॅल्यूएरर पकडा आणि ओळीचा क्रमांक प्रिंट करा. तक्त्यातला डेटा हाताळणारी पांडाज लायब्ररी वापरत असाल तर रिकाम्या रकान्याचा नॅन (‘आकडा नाही’ अशी खूण) होतो. तो स्वतःशीही समान नसतो, म्हणून तिथे तुलना न करता, मूल्य गायब आहे का हे तपासणारं इजना वापरा.