लियाँमध्ये शिकते आहे, मी शाकाहारी आहे. एका फ्रेंच कुटुंबाने शनिवारी रात्री ८ ला जेवायला बोलावलंय. काय लक्षात ठेवू?

शाकाहारी आहात हे आजच कळवा, आणि कळवताना मांस, मासे, चिकन अशी एकेक नावं घेऊन सांगा. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं की काही जण प्रेमाने मासा करून ठेवतात. त्यात तुम्ही लियाँमध्ये, म्हणजे डुकराच्या आतड्यांचे सॉसेज अभिमानाने वाढणाऱ्या गावात! सॅलडमध्येही बेकनचे बारीक तुकडे असू शकतात. तुम्ही फार काटेकोर असाल तर चीजबद्दलही ठरवून ठेवा. रोकफोर, कोंते अशी पारंपरिक चीज दूध घट्ट करणारं, प्राण्यांच्या पोटातून काढलेलं रेनेट घालून करतात.

८ ला बोलावलंय तर ८ वाजून १० मिनिटांनी बेल वाजवा. लवकर पोचणं तिथे फारसं आवडत नाही. फुलं न्यायची असतील तर शेवंती सोडून काहीही न्या. आपल्याकडे हारात, वेणीत असलेली शेवंती तिथे १ नोव्हेंबरच्या सुमारास कबरींवर वाहतात.

गेल्या गेल्या कोणी ताटावर बसवणार नाही. आधी सोफ्यावर पेय, ऑलिव्ह, खारे दाणे. दारू नको असेल तर ज्यूस मागा, विषय तिथेच संपतो. ‘साँते’ म्हणून ग्लास भिडवताना मात्र समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. दाण्यांवर ताव मारू नका, कारण पुढे निदान चार फेऱ्या आहेत: सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थ, चीज, गोड. कॉफी त्यानंतर, गोडासोबत नाही, आणि बहुधा बिनदुधाची. २०१० मध्ये युनेस्कोने फ्रेंच जेवणाला वारशाच्या यादीत घेतलं, त्यात हा क्रमसुद्धा आहे. गंमत म्हणजे एके काळी तिथल्या श्रीमंतांच्या मेजावर आपल्या ताटासारखे बरेच पदार्थ एकदम मांडत. एकामागून एक वाढण्याची रीत एकोणिसाव्या शतकात रुजली आणि तिला नावच ‘रशियन पद्धत’ असं आहे.

ब्रेडसाठी बऱ्याचदा वेगळी बशी नसते. तुकडा सरळ टेबलक्लॉथवर, ताटलीशेजारी ठेवायचा आणि हाताने मोडून खायचा. घरगुती जेवणात सगळे ब्रेडने सॉस पुसून घेतात, बिनधास्त घ्या. हात मांडीवर लपवू नका. मनगटं टेबलावर, कोपरं नाहीत.

चीजचं ताट फिरेल तेव्हा सांभाळा. ब्रीचा त्रिकोणी तुकडा असेल तर टोक छाटून घ्यायचं नाही, कडेने लांबट काप काढायचा, म्हणजे मधला मऊ भाग सगळ्यांना मिळतो. चीज एकदाच घ्यायचं. मुख्य पदार्थ मात्र पुन्हा मागून घेतलात तर यजमान खूश होतात. आपल्यासारखा आग्रह तिथे होत नाही. पहिल्यांदा संकोचाने ‘नको’ म्हणालात तर ते खरंच वाढणार नाहीत, तेव्हा भूक असेल तर सरळ ‘हो’ म्हणा.

उरकून उठायची घाई कोणालाच नसते. राजकारण, सुट्ट्या, कुठलं चीज कुठल्या दुकानातून आणलं, सगळं निघतं. पगार विचारू नका. कॉफी होईस्तोवर ११ सहज वाजतील, म्हणून शेवटच्या मेट्रोची वेळ निघण्याआधीच बघून ठेवा.