एका हाताची कामं, दोन हातांची कामं

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

माहेरी बाळ घ्यायला चार जणी होत्या. आता नाशकात पाथर्डी फाट्याच्या पाचव्या मजल्यावर, नवरा अंबडच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्टला निघून गेला की घरात तू आणि चार महिन्यांचं बाळ. ‘दिवसभरात एक काम धड होत नाही आणि रात्री कंबर मोडते,’ असं लिहिलंस. त्याचं कारण सरळ आहे. घरातल्या बहुतेक कामांना दोन हात लागतात आणि तुझा एक हात बाळाने धरून ठेवलाय. तेव्हा कामांची यादी हातांच्या हिशेबाने कर.

दोरीवरचे सुके कपडे काढणं, मशीन लावणं, पसारा टोपलीत टाकणं, किराणा मागवणं ही एका हाताची कामं. ती बाळ कडेवर असताना होतात, त्यांच्यावर बाळाची झोप खर्च करू नकोस. कणीक, चिरणं, भांडी ही दोन हातांची. बाळ झोपलं की पहिली वीस मिनिटं थेट ओट्याशी जा. आपण नेमकं उलटं करतो: झोप लागली म्हणून हुश्श करून घड्या घालत बसतो, आणि कुकर लावायला उठलो की बाळ उठतं. तिसरी यादी बाळ कडेवर असताना करायचीच नाहीत अशा कामांची: पेटता गॅस, उकळतं पाणी, ओली फरशी. चहासुद्धा त्यातच आला. चार महिन्यांचं बाळ कपाकडे हात मारतं, आणि आपल्याला फक्त गरम वाटणारा चहा त्याची कातडी सोलून काढतो.

आणि तुझं जेवण. सकाळी नवऱ्याचा डबा भरतेस, तेव्हाच तुझाही भर. अगदी डब्यात, झाकण लावून. ‘बाळ झोपलं की गरम करून खाईन’ म्हणणाऱ्या बाईला दुपारी तीन वाजतात. एका हाताने खाता येईल असं असू दे: भाजी आत घालून गुंडाळलेली पोळी, थालीपीठ, दशमी. पाजायला जिथे बसतेस तिथे पाण्याचा तांब्या आणि हळिवाचा लाडू हाताशी ठेव. पाजताना हटकून तहान लागते आणि तेव्हाच उठता येत नाही.

आता आंघोळ, कारण तुझ्या पत्रातली एक ओळ मला खटकली. बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे आणि ‘बाळाला गार लागू नये म्हणून खिडकी, दार बंद करून घेते’ असं लिहिलंयस. हे आजपासून बंद. गॅसचा गिझर जळताना खोलीतला ऑक्सिजन खातो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पाय लटपटतात आणि दाराची कडी काढायचीही ताकद राहत नाही. लहान बाळाला तो आणखी लवकर भोवतो. गिझर ड्राय बाल्कनीत हलवून फक्त नळ आत घेणं, हा खरा उपाय. घरमालक मानेपर्यंत असं कर: खिडकी-दार उघडं ठेवून बादल्या भर, गिझर बंद कर, पाच मिनिटं जाऊ दे, मग बाळाला आत ने. वाऱ्याचा झोत नको असेल तर घराच्या खिडक्या लाव, बाथरूमची मात्र उघडी राहू दे.

बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उलट केलंस तर कधीतरी फोन वाजेल आणि बादलीत नुसतं कढत पाणी उरेल. बोटांना चटक्यांची सवय झालेली असते, म्हणून पाणी कोपराने बघ. कोपराला ना गरम ना गार लागलं की ठीक. टॉवेल, झबलं, लंगोट, दुपटं आधी मांडून ठेव, मग बाळाचे कपडे उतरव. मधे बेल वाजली तर वाजू दे. उठावंच लागलं तर बाळ टॉवेलात गुंडाळून बरोबर घे. चार बोटं पाण्यातसुद्धा बाळ बुडतं. पाच-सात मिनिटांची आंघोळ पुरे. मानेच्या वळीत दूध साचून आंबतं आणि तिथे लाल चट्टा उठतो. वळी अलगद उघडून मऊ पंचाने टिपायची, घासायची नाही.

मालिशवाल्या बाईंना काय सांगायचं? हलका हात चालेल. नाकाकानात तेल नाही, छातीची गाठ पिळणं नाही, डाळीच्या पिठाने लव काढणं नाही, काजळ नाही. आणि शेगडीवर ओवा टाकून बंद खोलीत धुरी तर मुळीच नाही. वाड्यात चारी बाजूंनी वारा होता, तुझ्या बेडरूमला एक सरकती खिडकी आहे. बाई फुगतील दोन दिवस. फुगू देत.

झोपेचं थोडक्यात: बाळ पाठीवर, घट्ट गादीवर, उशी नाही, मोहरीचीसुद्धा नाही. आता ते केव्हाही कुशीवर वळेल, म्हणून पलंगावर एकटं ठेवणं बंद; दिवसा जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर गोधडी. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो, तेव्हा झोळी फक्त डोळ्यांसमोर असताना.

पावसाळ्यातले लंगोट हा वेगळाच विषय आहे. दिवसाला दहा लागतात आणि या झिमझिमीत वाळायला दोन दिवस. म्हणजे दहा अंगावर, वीस दोरीवर. तिसापेक्षा कमी असतील तर जुन्या सुती साडीतून आणखी फाड. धुतलेल्या लंगोटाला कुबट वास येतो तेव्हा सगळ्या जणी पावडर वाढवतात, तिथेच चुकतं. जास्तीची पावडर कापडात राहते, ओल धरते, वास वाढतो आणि वर बाळाचं बूड लाल होतं. शी झालेला लंगोट आधी नळाखाली खळखळून घे. मग नेहमीच्या निम्मी पावडर, आणि पाणी फेस यायचा थांबेपर्यंत बदल. मऊपणासाठीचा सुवासिक द्रव लंगोटांना वापरू नकोस, कापड पाणी शोषेनासं होतं. मशीनमध्ये दोनदा पिळून काढ. दोरी गॅलरीत न बांधता हॉलमध्ये पंख्याखाली बांध, दोन लंगोटांमध्ये चार बोटं जागा सोड. दमट राहिलाच तर इस्त्री फिरव. फिरवल्यावर लगेच घडी घालू नकोस, दहा मिनिटं पसरून ठेव. कापडातली वाफ घडीत अडकली की सगळी मेहनत पाण्यात. रात्री आणि बाहेर जाताना डायपर वापरलास म्हणून कुणी आईपण काढून घेत नाही. तीन-चार तासांनी बदलला की झालं. रात्री मात्र नुसत्या शूसाठी झोपलेल्या बाळाला उठवू नकोस.

दूध पुरतंय का, हा प्रश्न तू तीनदा लिहिलायस. चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर पुरतंय. रडण्यावरून मोजू नकोस. सहा महिने पूर्ण होईपर्यंत वरचं पाणीही नको. आईच्या दुधात जवळजवळ 87 टक्के पाणीच असतं. घुटी, ग्राइप वॉटर, मधाचं बोट यांतलं काही नको; मध तर वर्षाच्या आत अजिबातच नाही. दोन तास बँकेत जायचं असेल तर दूध काढून स्टीलच्या उकळलेल्या वाटीत झाकून ठेव. साधारण 25 अंशांपर्यंत ते बाहेर चार तास टिकतं, त्याहून उकाडा असेल तर लगेच फ्रीजमध्ये, तेही आतल्या बाजूला. दारातल्या कप्प्यात नको, तिथे उघडझाप सगळ्यात जास्त. गॅसवर तापवायचं नाही, वाटी कोमट पाण्यात धरायची आणि वाटी-चमच्याने पाजायचं.

डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाचे थेंब दिले असतील. पहिल्या वर्षात रोजचा डोस साधारण 400 युनिट असतो, पण बाटल्या सारख्या नसतात: एकीत 1 मिलिलीटरमध्ये 400, दुसरीत 800. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली आणि तू जुन्याच खुणेपर्यंत ड्रॉपर भरलास, तर डोस दुप्पट. प्रत्येक नवी बाटली वाचायची.

लसीचं कार्ड माहेरचं असलं तरी इथल्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात चालतं. साडेतीन महिन्यांची लस प्रवासात राहिली असेल तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेली घेऊन पुढे जायचं. गोवर-रुबेलाची पहिली नऊ महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे तुझ्या बाळाला डिसेंबरात.

सप्टेंबरात सहा महिने भरतील तेव्हा नाचणीचं सत्त्व लागेल, ते आत्ताच सांगून ठेवते. एक वाटी नाचणी तीन-चार पाण्यांनी धू, खडे बघ, रात्रभर भिजव. सकाळी उपसून सुती फडक्यात बांध. एक-दीड दिवसात मोड येतात. फडकं सुकलं तर पाण्याचा हात फिरव, पण चिंब करू नकोस, चिंब पुरचुंडीला बुळबुळीत वास येतो. पाऊस असेल तर पंख्याखाली पसरून वाळव, मग मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाज, पूर्ण गार कर, दळ, वस्त्रगाळ कर. कोमट असतानाच दळलंस तर डब्यात घाम धरतो आणि आठवड्यात बुरशी येते. दोन चहाचे चमचे पीठ पाऊण वाटी गार पाण्यात कालवून घे आणि मगच गॅसवर ठेव. गरम पाण्यात पीठ टाकलं की गुठळ्या ठरलेल्या. पाच-सहा मिनिटं ढवळत शिजव. मीठ, साखर वर्षापर्यंत नको. चमचा तिरका केला तर घट्टसर ओघळायला हवं. पाण्यासारखं पातळ खाऊन पोट भरतं, पोषण मिळत नाही. सुरुवातीला दोन-तीन चमचे. बाळ जिभेने बाहेर ढकलेल, त्याला आवडलं नाही असं समजू नकोस; गिळायला शिकतंय ते.

आणि नाशकात आहेस म्हणून: फेब्रुवारीत घरोघर द्राक्षं येतील, बाळ अकरा महिन्यांचं असेल आणि शेजारची कुणीतरी प्रेमाने अख्खा मणी त्याच्या तोंडात घालील. अख्खं द्राक्ष बाळाच्या घशात बुचासारखं बसतं. ते उभं चार तुकड्यांत चिरूनच द्यायचं, आणि हा नियम बाळ पाच वर्षांचं होईपर्यंत. आडवं चिरलेलं चालत नाही, गोल चकतीही अडकते.

रोज एकदा खाली उतर. दहा मिनिटं, पार्किंगमध्ये का होईना. रविवारी दोघं मिळून पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकापर्यंत जा, रिक्षाने. स्कूटरवर बाळ मांडीत घेऊन नको. आणि एक विचारते. रडू येतं असं लिहिलंस. बाळंतपणानंतरचे पहिले दहा-बारा दिवस ते बहुतेक जणींना येतं. पण आता चार महिने झाले. बाळ झोपलं तरी झोप न येणं, कशातच जीव न लागणं असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर हा थकवा म्हणून सोडून देऊ नकोस. डॉक्टरांना स्पष्ट सांग. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जीव नकोसा वाटला किंवा बाळाला काही करून बसेन अशी भीती वाटली, तर त्याच क्षणी नवऱ्याला उठव.

गॅलरीच्या गजांमधली फट मोजून कळव. दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर जाळी बसवावी लागेल, आणि ते काम बाळ रांगायच्या आत व्हायला हवं. तोवर गॅलरीतलं ते प्लास्टिकचं स्टूल आत आणून ठेव.

तुझी,
मावशी