माकडहाडाजवळ गाठ निघाली, लगेच ऑपरेशन करायचं का?

प्रश्न: वडील ६१ वर्षांचे आहेत. वर्षभर माकडहाड दुखतंय, बसलं की जास्तच, शौचालाही त्रास म्हणून मूळव्याधीची औषधं चालू होती. आता एमआरआयमध्ये सेक्रमला (माकडहाडाच्या वरच्या हाडाला) मोठी गाठ दिसली, रिपोर्टमध्ये कॉर्डोमाची शंका लिहिलीय. इथले डॉक्टर म्हणतात, पुढच्या आठवड्यात गाठ काढू आणि मग तपासायला पाठवू. बायोप्सीने कॅन्सर पसरतो असं नातेवाईक सांगतात. काय करू? - एक वाचक, मिरज

उत्तर: आधी ते पुढच्या आठवड्याचं ऑपरेशन थांबवा, प्लीज. कॉर्डोमा हा हाडाचा एक कॅन्सर, तो फार क्वचित होतो, वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला, त्यामुळे बऱ्याच सर्जननी तो कधी हाताळलेलाच नसतो. गर्भात मणके तयार होताना जो नोटोकॉर्ड असतो त्याच्या उरलेल्या पेशींतून तो होतो आणि बहुतेक वेळा हळू वाढतो, म्हणजे नीट तपासणीत दोन-तीन आठवडे गेले तरी चालतं. मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

बायोप्सीला, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा सुईने काढून तपासण्याला, घाबरू नका, चुकीच्या जागेवरून केलेल्या बायोप्सीला घाबरा. सुई पाठीमागून, सीटी स्कॅनवर बघत घालतात आणि पुढे ऑपरेशनमध्ये तो सुईचा मार्गही गाठीबरोबर काढता येईल अशी जागा धरतात, गुदद्वारातून अजिबात नाही. म्हणून जो सर्जन ऑपरेशन करणार त्यानेच जागा ठरवावी. आपल्याकडे मणक्याचा टीबीही खूप, तेही यातूनच कळतं. पॅथॉलॉजीत त्या तुकड्यावर ब्रॅकियुरी या प्रथिनाची टेस्ट करतात, तिच्यावर निदान बरंचसं पक्कं होतं.

गाठ अख्खी, भोवतीच्या निरोगी भागासकट निघायला हवी. तुकडे करून काढली तर पेशी तिथेच सांडतात, ती परत येते आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड होतं. सेक्रममधून निघणाऱ्या एस-टू, एस-थ्री या नसा वाचतील का हे आधीच विचारा कारण लघवी-शौचावरचा ताबा त्यांच्यावर असतो, आणि हे वडिलांनाही मोकळेपणाने सांगा, निर्णय त्यांचा आहे. नेहमीची केमो यात फारशी चालत नाही. रेडिएशन लागतं ते जास्त डोसचं, एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांचं असेल तर आसपासचे अवयव जास्त वाचतात, ते खारघरला टाटा मेमोरियलच्या सेंटरमध्ये मिळतं. जाताना नुसता रिपोर्टचा कागद नको, एमआरआयची सीडीही न्या.