‘ख्रिस्तवासी’ला ‘सद्गती’ चालेल का?

जालन्याहून एका वाचकाने विचारलंय: शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाच्या शोकपत्रिकेत ‘कै.’ नव्हतं, ‘ख्रिस्तवासी’ होतं. मग भेटायला गेल्यावर ‘आत्म्यास सद्गती लाभो’ म्हणावं का? आणि त्यांचा ‘आत्मा’ आपल्यासारखाच का?

‘कै.’चं सोपं आहे. कैलास हा शंकराचा मुक्काम, म्हणून तिथे ‘ख्रिस्तवासी’. (सवयीने ‘कै.’ लिहिणारी ख्रिस्ती घरंही आहेत. त्यांना शिकवायला जाऊ नये.) ‘सद्गती’ मात्र अडते. त्या शब्दामागे कर्म आणि पुढचा जन्म उभा असतो. ख्रिस्ती श्रद्धेत जन्म एकदाच, मग न्याय, आणि अखेर पुनरुत्थान. पुनरुत्थानाला पुनर्जन्म समजण्याची गल्लत आपल्याकडे फार होते. दुसरा देह धारण करणं इथे नाहीच. हाच देह पालटून उठायचा. बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात प्रेषित पौल पेरलेल्या दाण्याचा दाखला देतो तो याचसाठी. मेलेल्याला ‘झोपी गेला’ म्हणण्याची रीतही त्यातलीच. ‘सेमेटरी’ या शब्दाचं ग्रीक मूळसुद्धा ‘निजायची जागा’ असंच आहे.

आता ‘आत्मा’. गीतेतला आत्मा जन्मतही नाही, मरतही नाही. बायबलमधला माणूस मातीचा. देव त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो तेव्हा तो जिवंत होतो. म्हणजे आत्मा झाला तरी तो निर्माण केलेला, अनादी नव्हे. जुन्या कराराच्या हिब्रूत यासाठी दोन शब्द: ‘नेफेश’ म्हणजे जीव, आणि ‘रुआख’ म्हणजे वारा, श्वास, आत्मा. निजामी उर्दू कानावरून गेलेल्या मराठवाड्याला हे परके वाटू नयेत, कारण ‘नफ्स’ आणि ‘रूह’ हे त्यांचेच अरबी भाऊबंद. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये हीच जोडी ‘प्स्युखे’ आणि ‘प्न्युमा’ अशी येते. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात मराठी बायबल ‘आत्मा, जीव व शरीर’ असं तिन्ही वेगळं लिहितं, पण इतरत्र ‘प्स्युखे’साठी कुठे ‘जीव’ तर कुठे ‘आत्मा’ येतो. माणसाचे भाग तीन की दोन, यावर ख्रिस्ती पंडितांतही एकमत नाही. मला विचाराल तर ‘प्स्युखे’ला ‘जीव’च शोभतो. जीव लावतो, जीव टाकतो, जीव जातो तो अख्खा माणूस असतो. ‘आत्मा’ म्हटलं की आपल्याकडे एक तर वेदान्त सुरू होतो, नाही तर पिंपळावरचं भूत आठवतं!

भेटायला जाताना एवढं पाहा. कॅथलिक मृतांसाठी प्रार्थना करतात, २ नोव्हेंबर हा त्यांचा खास दिवस. तिथे ‘आत्म्यास चिरशांती लाभो’ बरोबर बसतं. प्रॉटेस्टंट मंडळींत मृतासाठी मागणं करण्याची रीत सहसा नाही. तुमच्या जालन्याजवळ मिशनरी नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, ती परंपरा स्कॉटिश मिशनची, म्हणजे प्रॉटेस्टंटच. तिथे घरच्यांना ‘प्रभू तुमचं सांत्वन करो’ म्हणावं. घर कॅथलिक की प्रॉटेस्टंट हे ठाऊक नसेल तरीही हेच म्हणा. कॅथलिकांनाही ते खटकणार नाही.