क्वचित लागणारी चेनकप्पी किती वेळा तपासावी?

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमची पंप आणि शेतीअवजारे दुरुस्तीची लहान कार्यशाळा आहे. एखादे इंजिन किंवा गिअरबॉक्स उचलण्यासाठी हाताने ओढायची दोन टनांची चेनकप्पी आम्ही घेऊन ठेवली आहे. ती वर्षातून तीन-चार वेळाच लागते. वापरच नाही तर झीज कुठून होणार, असे आमच्या मिस्त्रींचे म्हणणे आहे. मग तपासणी किती वेळा करावी?

उत्तर : आपल्या मिस्त्रींचे म्हणणे झिजेपुरते खरे आहे. मात्र पडून राहिलेल्या कप्पीचा बिघाड झिजेने नव्हे, तर गंजाने आणि सुकलेल्या ग्रीसने होतो. आपल्या खानापूरच्या पावसात चार महिने पत्र्याच्या शेडमध्ये टांगून राहिलेल्या साखळीला तेवढा अवधी पुरेसा असतो.

1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 29 ने उचलण्याची यंत्रे, साखळ्या, दोर आणि हूक यांची सक्षम व्यक्तीकडून निदान 12 महिन्यांतून एकदा कसून तपासणी करून तिची नोंद ठेवण्याचा दंडक घालून दिला. त्यात वापर किती झाला, याचा हिशेब कुठेच धरलेला नव्हता. (माणसे वा माल वर-खाली नेणाऱ्या लिफ्टसाठी कलम 28 मध्ये हीच मुदत 6 महिन्यांची होती. 2025 मध्ये या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली.) कामगार थोडे असल्यामुळे आपल्या कार्यशाळेला कायद्याचे हे बंधन नसले, तरीही वर्षाची ही मर्यादा आपण पाळावी, असे मी आग्रहाने सांगेन.

परंतु आपल्यासारख्यांसाठी वर्षातली ही एक तपासणी पुरेशी नाही. हॉइस्टविषयीच्या, म्हणजे कप्पीसारख्या भार उचलणाऱ्या यंत्रांविषयीच्या, अमेरिकन बी30.16 मानकात एक चांगले तत्त्व आहे : महिनाभर किंवा अधिक काळ पडून असलेले यंत्र पुन्हा कामाला घेण्यापूर्वी तपासावे, आणि बंद काळ लांबत जाईल तशी ती तपासणी अधिक खोलवर व्हावी. आपली कप्पी दोन वापरांमध्ये तीन-चार महिने पडून असते. म्हणजे आपल्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक वापराआधी तपासणी आली. तिला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू नये.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. बेळगावच्या एका फाउंड्रीत मी देखभालीचे काम पाहत असताना, पावसाळाभर न वापरलेली तीन टनांची कप्पी आम्ही एका साच्याच्या पेटीसाठी काढली. साखळी स्वच्छ दिसत होती आणि हूकही सरळ होता. पेटी जमिनीपासून वीतभर वर आली आणि कोणीही साखळीला हात न लावता बोट-बोट खाली सरकू लागली. सुदैवाने खाली कोणाचा पाय नव्हता. कप्पी उघडली तेव्हा ब्रेकच्या चकत्यांवर कुणीतरी ‘गंजू नये’ म्हणून सोडलेले तेल सुकून काचेसारखे गुळगुळीत झालेले होते, आणि दातेरी चक्राला अडवणारा खटका आपल्या स्प्रिंगसह चिकटून बसला होता. हातकप्पीत भारच चकत्यांना एकमेकींवर दाबतो आणि खटका चक्राला उलटे फिरू देत नाही. या दोहोंवर सगळे अवलंबून असते. बाहेरून पुसून हे दोष दिसत नाहीत.

म्हणून वापराआधी कप्पी रिकामी टांगून साखळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढावी. वर ओढताना खटक्याचा टकटक आवाज स्पष्ट आणि एकसारखा यायला हवा. तो येत नसेल तर काम तिथेच थांबवावे. साखळी रॉकेलने धुऊन प्रत्येक कडी बोटांनी फिरवून पाहावी, आणि जिथे कडी कडीवर टेकते तिथला खळगा नखाने चाचपावा. हूकचे तोंड फाकले आहे का, ते तोंड बंद करणारी जीभ आपोआप मिटते का, तेही पाहावे; मूळ मापाच्या 10 टक्क्यांहून अधिक झिजलेला हूक बाद करावा. मग प्रथम हलका आणि नंतर कामाचा भार सुमारे 10 सेंटिमीटर उचलून दहा मिनिटे तसाच ठेवावा. तो कणभरही खाली आला, तर कप्पी उघडल्याशिवाय पुढे जाऊ नये. कप्पी कौलारू शेडच्या लाकडी तुळईला टांगत असाल, तर तुळईचे भिंतीत गेलेले टोक वाळवीसाठी टोचून पाहणे साखळी पाहण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

वार्षिक तपासणी कधी करावी, असे विचाराल तर खंडेनवमीच्या आसपास. पाऊस ओसरलेला असतो आणि पूजेसाठी हत्यारे खाली उतरवून स्वच्छ केलेली असतातच. मात्र पूजेच्या निमित्ताने हूकला आणि साखळीला ऑइलपेंट देण्याची पद्धत कृपया सोडावी. रंगाखाली बारीक चीर दिसत नाही आणि क्षमतेचा कोरलेला आकडाही बुजतो. ही तपासणी राज्याच्या कारखाने व बाष्पके विभागाने मान्यता दिलेल्या सक्षम व्यक्तीकडून करून घ्यावी, आणि वहीत तारीख, आढळलेला दोष व केलेली दुरुस्ती लिहून ठेवावी.

प्रश्न : निपाणीच्या आमच्या गोदामात माल उचलण्याचे पॉलिस्टरचे पट्टे दोन वर्षे न वापरता पडून आहेत. ते चालतील का?

उत्तर : लेबल शाबूत असेल, शिवण उसवलेली नसेल, आणि पट्टा कडक किंवा उन्हाने फिका झालेला नसेल, तर सक्षम व्यक्तीला दाखवून वापरावा. जांभळा पट्टा एक टनाचा, हिरवा दोन टनांचा आणि पिवळा तीन टनांचा ही खूण सर्वत्र रूढ आहे. तरी केवळ रंगावर विसंबू नये, कारण पट्टा गळफास घालून बांधला तर त्याची क्षमता सुमारे वीस टक्क्यांनी घटते. लेबल गेलेला पट्टा चांगला दिसला तरी कापून टाकावा, म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या हाती लागणार नाही.